विश्रांत मेंदू आणि जागेपणाचा प्रश्न



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. ते आम्हांला संस्कृत शिकवीत आणि त्यांचा तास नेमका मधल्या सुट्टीनंतरचा असे. मार्चएप्रिलमधली इंदूरची दुपार, वर तापलेले कौलारू छप्पर, पोटात डब्यातली पोळीभाजी. अशा वेळी वर्ग अगदी शांत असे. पण त्या शांततेवर गुरुजींचा विश्वास नव्हता. शिकविता शिकविता ते एखादे वाक्य मध्येच अर्धवट सोडीत. जो ऐकत असे तो ते पूर्ण करी. जो पेंगत असे तो दचकून सरळ बसे. गुरुजी रागावत नसत. फक्त तोच भाग पुन्हा शिकवीत, कारण मघाचे शिकविणे अर्ध्या वर्गापर्यंत पोहोचलेच नव्हते, हे त्यांना कळलेले असे.

शांत बसलेला विद्यार्थी ऐकतोच आहे असे धरून चालू नये, ही त्यांची साधी दक्षता होती. मेंदूच्या विकारांचा वैद्य म्हणून आयुष्य काढल्यावर आज मागे वळून पाहतो, तेव्हा माझ्या शास्त्राला हीच दक्षता एकदा नव्हे, दोनदा शिकावी लागली असे दिसते. त्या दोन खेपांचा इतिहास आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे. माणूस काहीही न करता स्वस्थ पडलेला असताना त्याचा मेंदू काय करीत असतो, हा या इतिहासाचा विषय. आणि त्या वेळी तो माणूस जागा होता काय, हा त्यातला पुन:पुन्हा निसटलेला प्रश्न.

मेंदूत विद्युत्प्रवाह वाहतात हे इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये ससे व माकडे यांच्या उघड्या मेंदूवर दाखवून दिले. माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरी कवटी न उघडता टिपण्याचे श्रेय मात्र जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांचे. १९२४ मध्ये त्यांनी पहिली नोंद घेतली आणि पाच वर्षे तिची खातरजमा करून १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज आपण जिला ई.ई.जी. म्हणतो तिचा हा जन्म. बेर्गर यांच्या प्रयोगांत त्यांचा स्वत:चा मुलगाही अनेकदा डोक्याला तारा लावून घेऊन पडून राही. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसात सेकंदाला सुमारे दहा या गतीने येणाऱ्या संथ, लयबद्ध लहरी त्यांना आढळल्या. त्यांना त्यांनी आल्फा हे नाव दिले. डोळे उघडताच, किंवा मनातल्या मनात हिशेब करू लागताच, या लहरी मावळत.

या निरीक्षणात दोन गोष्टी होत्या. एक अशी, की स्वस्थ पडलेल्या माणसाचा मेंदूही स्वस्थ नसतो. त्याचे काम अखंड चालू असते. दुसरी अशी, की त्या ‘स्वस्थ’ मेंदूची नोंद माणसाच्या जागेपणाच्या पातळीवर अवलंबून असते. पहिली गोष्ट नवलाची म्हणून लक्षात राहिली. दुसरी मात्र पुढे पुन्हा शोधावी लागली.

बेर्गर यांच्यावर प्रारंभी फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजचे एड्रियन व मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग स्वत:वर करून पाहिला. एड्रियन यांना शरीरक्रियाविज्ञानातील कार्यासाठी १९३२ मध्येच नोबेल पारितोषिक मिळालेले होते. त्यामुळे त्यांच्या दुजोऱ्यानंतर बेर्गर यांचा शोध जगाने मान्य केला. एड्रियन यांच्या मेंदूत आल्फा लहरी उत्तम दिसत, मॅथ्यूज यांच्या मेंदूत फारशा दिसत नसत. एकाच खोलीत, एकाच यंत्रावर, दोन निरोगी विद्वानांचे मेंदू वेगळे दिसले. हा फरक रोगाचा नव्हता, हे त्या दोघांनाही ठाऊक होते.

यानंतर अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क येथे आल्फ्रेड लूमिस या धनाढ्य गृहस्थाने आपल्या खाजगी प्रयोगशाळेत, हार्वी व होबार्ट या सहकाऱ्यांसह, झोपलेल्या माणसांच्या रात्र रात्रभर नोंदी घेतल्या. १९३५ ते १९३७ या काळात त्यांनी दाखविले की जागेपण आणि झोप यांच्यामध्ये एकच उंबरठा नाही, पायऱ्या आहेत. आल्फा लहरी तुटक होतात, मग विरतात, मग मंद लहरी येतात. त्यांनी झोपेच्या पाच पायऱ्या वर्णिल्या. त्यांतली पहिली पायरी तर अशी, की तीवर असलेल्या माणसाला हलवून विचारले तर तो बहुधा ‘मी जागाच होतो’ असे सांगेल. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात वर्तमानपत्र छातीवर ठेवून असे सांगणारे कोणी ना कोणी असतेच.

जागेपण येते कोठून, याचा शोध वेगळ्या वाटेने चालला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात झोपेचा एक विलक्षण साथरोग पसरला. व्हिएन्नाचे फॉन एकोनोमो यांनी १९१७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि मृत रुग्णांचे मेंदू तपासून असे अनुमान काढले की मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या मागील बाजूस इजा झाली की माणूस झोपाळतो. पुढील बाजूस झाली तर त्याची झोप उडते. १९३५ मध्ये ब्रुसेल्सच्या फ्रेडरिक ब्रेमर यांनी मांजराच्या मस्तिष्कस्तंभाचा वरच्या भागात छेद घेतला. छेदाच्या वरचा मेंदू कायम झोपल्यासारख्या लहरी दाखवू लागला. अखेर १९४९ मध्ये मोरुत्झी व मॅगून यांनी मस्तिष्कस्तंभातील जाळीदार रचनेला विजेने उत्तेजित केले, तेव्हा प्राण्याच्या संपूर्ण मेंदूतल्या मंद लहरी मोडून जागेपणीच्या जलद लहरी उमटल्या. म्हणजे मेंदूच्या वरच्या थरातील सारा व्यवहार ज्या दिव्याच्या उजेडात चालतो, त्या दिव्याची वात खाली, देठाशी आहे. ती वर-खाली झाली की वरचे सगळे चित्र पालटते.

बाहेरून निश्चल दिसणाऱ्या माणसाच्या आत काय चालले आहे, हे बाहेरून ठरविता येत नाही याचे एक उदाहरण आपल्या देशातले आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना व सिंग यांनी १९६१ मध्ये ध्यानस्थ योग्यांच्या ई.ई.जी. नोंदी प्रसिद्ध केल्या. समाधीत बसलेल्या योग्यांच्या आल्फा लहरी बाहेरच्या उद्दीपनानेही मोडल्या नाहीत. डोळे मिटलेले, शरीर निश्चल, आणि तरीही ही झोप नव्हती. जागृती, स्वप्न, सुषुप्ती असे भेद आपल्याकडे पूर्वीपासून मानले गेले आहेत. निश्चलतेचे प्रकार अनेक आहेत, हे आपल्याला तरी नवे वाटू नये.

या साऱ्यातून ई.ई.जी. करणाऱ्या मंडळींना एक शिस्त लागली. यंत्र चालविणारा तंत्रज्ञ रुग्णाला मधून मधून हाक मारी, डोळे उघडायला सांगे, मिटायला सांगे. आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिही: ‘जागा’, ‘पेंगतो आहे’, ‘झोपला’. ते दोन-तीन शब्द नसतील तर शेकडो फुटांच्या त्या लहरींना अर्थ नसतो.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते. खरे कळले ते एका चुकीने, आणि ती चूक माझी होती.

मी नवखा होतो. एका रुग्णालयात अकरा वर्षांच्या एका मुलाची ई.ई.जी. माझ्यापुढे आली. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी उभ्या उभ्या तो एकदा चक्कर येऊन पडला होता, एवढेच कारण. कागदावर मध्येच उंच, मंद लहरींचे झुबके होते. कडेला पेन्सिलीची एकही खूण नव्हती. तंत्रज्ञ त्या वेळी खोलीत नव्हता, हे मला नंतर कळले. मी विचारले नाही. मी अहवालावर अपस्मार लिहिला. मुलाला फेनोबार्बिटोनच्या गोळ्या सुरू झाल्या.

दीड वर्षाने त्याची आई त्याला घेऊन आली. ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, फिट पुन्हा आली नाही हो; पण पोरगं वर्गात झोपतं. पूर्वी पहिल्या पाचात असायचं, यंदा नापास झालं.” माझ्या सुदैवाने त्या दिवशी माझे वरिष्ठ तेथे होते. त्यांनी जुना कागद मागविला, मिनिटभर पाहिला आणि मला एकच प्रश्न विचारला, “मुलगा तेव्हा जागा होता का?” लहान मुले झोपेच्या उंबरठ्यावर असताना त्यांच्या मेंदूत असे उंच लहरींचे झुबके स्वाभाविकपणे येतात, हे मी वाचलेले होते. पेंगणाऱ्या निरोगी मुलाला मी रोगी ठरविले, आणि वर त्याला पेंग आणणारे औषध दिले. गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. मुलगा सावरला, पण त्याचे ते वर्ष मी परत देऊ शकलो नाही. या व्याख्यानाचा विषय निवडताना माझ्या डोळ्यांपुढे तोच होता.

आता दुसऱ्या खेपेकडे वळू. ई.ई.जी. लहरी दाखविते, त्या मेंदूत नेमक्या कोठे उगम पावतात हे नीटसे दाखवीत नाही. त्यासाठी रक्तप्रवाह व प्राणवायू यांचे मोजमाप सुरू झाले. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीतही तो शरीराच्या सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो. १९५५ मध्ये अमेरिकेत लुईस सोकोलॉफ व सहकाऱ्यांनी तरुणांना तोंडी गणिते घातली आणि एकूण मेंदूचा प्राणवायूचा वापर तसूभरही वाढत नाही असे दाखविले. त्याच गटाला त्याच वर्षी झोपेतही हा एकूण वापर घटलेला आढळला नाही. गाढ झोपेत मेंदूचा ऊर्जावापर लक्षणीय घटतो हे पुढे अधिक सूक्ष्म पद्धतींनी दिसून आले. परंतु त्या काळच्या मापाला जागा माणूस आणि झोपलेला माणूस सारखेच दिसत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी बेल प्रयोगशाळेत असे दाखविले की प्राणवायू असलेले आणि प्राणवायू गमावलेले रक्त चुंबकीय क्षेत्रात वेगळे वागते, आणि हा फरक एम.आर.आय. यंत्राने चित्रित करता येतो. १९९२ पासून माणसाच्या मेंदूचे कार्य या रीतीने पाहिले जाऊ लागले. बोटे हलविली की मेंदूचा अमुक भाग उजळतो, अशी चित्रे आपण नियतकालिकांतून पाहिली असतील. बोटे स्थिर असतानाही संकेतात जो बारीक चढउतार राही, तो यंत्राचा गोंगाट समजून टाकून देण्याची रीत होती. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे संशोधन करणारे भरत बिस्वाल यांनी त्या गोंगाटाकडेच पाहिले. बोटे हलविणारे डाव्या व उजव्या मेंदूतले भाग, माणूस निश्चल पडलेला असतानाही, एकमेकांच्या तालात हळूहळू वरखाली होतात, असे त्यांना आढळले. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये सेंट लुईसचे मार्कस रायकल यांनी, काम करताना मंदावणाऱ्या आणि विश्रांतीत सक्रिय असणाऱ्या मेंदूभागांचा समूह वर्णिला. बेर्गर यांची पहिली गोष्ट, स्वस्थ मेंदू स्वस्थ नसतो ही, पुन्हा सिद्ध झाली.

या पद्धतीचा मोह पडणे साहजिक होते. रुग्णाला काही करावयाचे नाही; लकवा झालेला असो, लहान मूल असो, बोलता न येणारा असो, पाच-दहा मिनिटे निजवायचे, ‘काही विशेष विचार करू नका, पण झोपू नका’ एवढे सांगायचे. निरनिराळ्या देशांतील नोंदी एकत्र करणेही सोपे झाले. २०१० मध्ये ३५ केंद्रांतील १,४१४ स्वयंसेवकांच्या नोंदी एकत्र प्रसिद्ध झाल्या. वार्धक्य, नैराश्य, छिन्नमनस्कता, मुलांची चंचलता, प्रत्येकाचा ठसा या विश्रांत चित्रांत शोधला जाऊ लागला.

परंतु यंत्राच्या बोगद्यात पडलेला माणूस काय करतो? बाहेर पडताळून पाहणारा कोणी नाही. खोली अंधारी, पाठीखाली गादी, अंगावर चादर, आणि कानात एकसुरी ठोके. हाक मारणारा तंत्रज्ञ नाही, कडेला पेन्सिलीची खूण नाही. मधल्या सुट्टीनंतरचा तासच म्हणा ना.

काही संशोधकांना ही शंका लवकर आली होती. २००२ व २००३ मध्ये ई.ई.जी. आणि एम.आर.आय. एकाच वेळी घेऊन, आल्फा लहरींच्या चढउताराबरोबर मेंदूतील रक्तसंकेतही बदलतो असे दाखविले गेले. २००६ मध्ये पेंग येऊ लागली की मेंदूच्या विस्तृत भागांत संकेताच्या मोठ्या लाटा उठतात असे आढळले. २००९ मध्ये गाढ झोपेत त्या विश्रांतिसमूहाचा पुढचा भाग मागच्या भागापासून सुटा पडतो असे दिसले. २०१२-१३ मध्ये सान डिएगो येथील संशोधकांनी कॅफीन देऊन पाहिले: तरतरी वाढली की संपूर्ण मेंदूत एकदम उठणाऱ्या लाटेची उंची कमी होते. आपला सकाळचा कॉफीचा पेला मेंदूच्या चित्रात उतरतो, असा याचा अर्थ.

आणि २०१४ मध्ये जर्मनीतील टाल्याझुकी व लाउफ्स यांचा निबंध आला. दोन्ही यंत्रांच्या एकत्रित नोंदींवरून त्यांनी संगणकाला जागेपण व झोप ओळखण्यास शिकविले, आणि मग ज्यांच्यासोबत ई.ई.जी. नव्हती अशा १,१४७ विश्रांत नोंदी त्याच्यापुढे ठेवल्या. निष्कर्ष असा, की पहिल्या तीन मिनिटांतच एकतृतीयांश माणसांचे जागेपण ढळलेले होते. जगभर ‘विश्रांत जागृत मेंदू’ म्हणून अभ्यासलेल्या चित्रांत पेंगणाऱ्यांचा एवढा भरणा होता. वर्ग शांत होता, आणि त्या शांततेवर सर्वांनी विश्वास ठेवला होता.

कोणी विचारील, यात एवढे बिघडले काय? दोन गटांची तुलना करताना बिघडते. समजा, निद्रानाश असलेले रुग्ण एका बाजूला आणि रात्री उशिरापर्यंत जागणारे निरोगी विद्यार्थी दुसऱ्या बाजूला. बोगद्यात विद्यार्थी पटकन पेंगतील, रुग्ण टक्क जागे राहतील. दोन चित्रांत फरक निघेल आणि तो आपण रोगाच्या खाती मांडू. किंवा झोपाळू करणारी औषधे घेणारे मनोरुग्ण एका बाजूला ठेवा. फरक औषधाच्या पेंगेचा असेल आणि नाव मिळेल विकाराचे. माझ्या त्या अकरा वर्षांच्या मुलाचीच ही गोष्ट, फक्त आता एका कागदावर नव्हे, हजारो चित्रांवर. केवळ विश्रांत चित्रावरून एखाद्या व्यक्तीचे निदान करण्याइतकी ही पद्धत अद्याप प्रस्थापित झालेली नाही, हे आपले सुदैव. सावरायला अवधी आहे.

सावरण्याचे उपायही साधेच आहेत. डोळे मिटण्याऐवजी समोरच्या खुणेवर दृष्टी ठेवायला सांगणे. अमेरिकेतील मेंदूजोडण्यांच्या मोठ्या प्रकल्पात हीच रीत ठेवली गेली. कॅमेऱ्याने पापण्यांवर लक्ष ठेवणे. शक्य तेथे ई.ई.जी. जोडीने घेणे. आदल्या रात्री झोप किती झाली, चहाकॉफी घेतली काय, हे विचारून लिहून ठेवणे. २०१६ मध्ये माकडांच्या पापण्यांच्या हालचालींशी ताडून, केवळ एम.आर.आय. संकेतावरून जागेपणाची पातळी अजमावण्याची रीतही दाखविली गेली. मात्र पेंगेची लाट गणिताने पुसून टाकली म्हणजे काम झाले, असेही नाही. कित्येक विकारांत जागेपणाचा तोलच बिघडलेला असतो. लाट पुसताना रोगाची खूणही पुसली जाऊ शकते. म्हणून जागेपण पुसायचे नसते, मोजायचे असते.

प्रत्येक नवे यंत्र आपल्याबरोबर नवी दृष्टी आणते आणि जुन्या यंत्राजवळची शिस्त मागे ठेवून येते. बेर्गर यांना १९२९ मध्ये जे ठाऊक होते, टक्सीडो पार्कच्या रात्रींत जे उलगडले, ई.ई.जी.च्या खोलीतील तंत्रज्ञ जे रोज पेन्सिलीने लिहीत होता, ते कोट्यवधींच्या यंत्राजवळ पुन्हा शिकावे लागले. त्यात कोणाची अप्रतिष्ठा नाही. पण दरम्यानच्या काळात ज्यांच्यावर चुकीची चिठ्ठी चिकटते ते रुग्ण असतात, शास्त्रज्ञ नव्हेत.

या सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या वैद्य होतील, काही यंत्रे घडवतील. त्यांना माझे मागणे एवढेच, की मापावर विश्वास ठेवण्यापूर्वी, ज्याचे माप घेतले तो त्या वेळी कोणत्या अवस्थेत होता, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर अहवालावर तसे स्पष्ट लिहावे आणि नोंद पुन्हा घ्यावी. गुरुजी अर्ध्यावर सोडलेले वाक्य आम्हांकडून पूर्ण करून घेत, आणि कोणी पेंगत होते असे कळले की पुढे न जाता तोच भाग पुन्हा शिकवीत. त्यांचे हे ऋण फेडण्याचा माझा हा उशिराचा प्रयत्न आहे.